टायर निवडताना आधी रस्ता पाहावा

सायकलला हलके टायर वापरावेत आणि पंक्चर झाल्यास ट्यूब बदलावी, हा एका लेखात वाचलेला सल्ला सरावासाठी सायकल चालवणाऱ्यांना योग्य असला, तरी रोज ठरलेल्या वेळी कामावर पोहोचणाऱ्यांच्या दृष्टीने तो मला पटत नाही. आमच्या बेळगावात उद्यमबागेतील कारखान्यांच्या परिसरात लोखंडाचा कीस टायरमध्ये रुततो, तर येळ्ळूर, खानापूरकडच्या शेतवाटांवर बाभळीचे काटे असतात. टायरमधील केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याचा पातळ पट्टा काचेचे तुकडे बऱ्यापैकी अडवतो. परंतु लांब काट्यासाठी जाडीच लागते. श्वाल्बे कंपनीच्या ‘मॅरेथॉन प्लस’ टायरमध्ये ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, सुमारे ५ मिमी जाडीचा लवचिक थर असल्यामुळे काटा सहसा ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. वजन वाढते आणि चढावर ते जाणवते, हे खरेच. तरीही कामगाराचा अर्धा दिवस बुडण्यापेक्षा ते परवडते.

खरेदीपूर्वी टायरच्या बाजूवर छापलेला आकडा अवश्य वाचावा, कारण ‘२८ इंची’ म्हणून ६२२ मिमी आणि जुन्या काळ्या सायकलींचे ६३५ मिमी असे दोन्ही व्यासांचे टायर विकले जातात आणि ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. रुतलेला कीस आठवड्याला चिमट्याने काढत राहावा, अन्यथा तो हळूहळू आत सरकतो.