‘आवळा, सवय होईल’: फ्रेमच्या सॅकबद्दल फिरणाऱ्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

शिकारी लोक शिकारीचं मांस आणि असंच जड ओझं वाहायला जी फ्रेमची, म्हणजे पाठीशी कडक सांगाडा असलेली सॅक वापरतात, तिच्याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतो. थोडक्यात तो असा: फ्रेम म्हटली की टोचणारच. आपल्या उंचीची साइझ घ्या, रिकामी सॅक घालून पट्टे जुळवा, कमरपट्टा जमेल तितका आवळून सगळं वजन कमरेवर टाका, वरचे छोटे पट्टे ओढून ठेवा, जड सामान तळाशी भरा. टोचलं तर जाड गादी लावा आणि तरीही दुखलं तर सवय होईपर्यंत दम धरा.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे. त्यापायी लोक चांगली फ्रेम एका फेरीत नावं ठेवून टाकून देतात, नाहीतर बधिर हाताने तीस किलो ओढत राहतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“आपल्या उंचीची साइझ घ्या”

फ्रेमचा संबंध पाठीच्या लांबीशी असतो, उंचीशी नाही. सारख्याच उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याची पाठ लांब असू शकते. त्यामुळे माप पाठीचंच घ्यायचं, आणि ते दुसऱ्याकडून घ्यायचं, कारण स्वतःचं घेताना पाठ वाकते आणि माप बिघडते.

मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक मणका ठळक वर येतो. तो सातवा मणका, तिथे टेपचं टोक. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की पंजे नितंबांच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील आणि अंगठे मागे वळतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथपर्यंत टेप न्यायचा. टेप शिंप्याचा, मऊ हवा. तो पाठीच्या बाकाला चिकटून उतरला पाहिजे, ताणलेल्या दोरीसारखा सरळ नाही. बहुतेक प्रौढांचं माप ३८ ते ५६ सेंटिमीटरमध्ये येतं.

इथे खरी गल्लत होते ती दोन वेगळी मापं एकच समजल्याने. एक म्हणजे खांदापट्टे फ्रेमला कुठे जोडले आहेत ते, आणि दुसरं म्हणजे फ्रेम स्वतः किती उंच आहे ते.

खांदापट्ट्यांची जागा बहुतेक फ्रेमवर वरखाली सरकवता येते. पट्टे त्या ठळक मणक्याच्या साधारण ३ ते ५ सेंटिमीटर खालून निघावेत आणि खांद्यावरून वळसा घेऊन छातीकडे यावेत. जागा फार वर गेली तर खांद्यामागे पोकळी राहते आणि ओझं मागे झुकतं. फार खाली आली तर पट्टे खांदे खाली ओढतात आणि कमरपट्टा हाडावरून सुटून पोटाकडे चढतो. बदल करताना एका वेळी २ सेंटिमीटरच करा आणि प्रत्येक वेळी चालून पाहा.

फ्रेमच्या उंचीचं तसं नाही. कमरपट्टा जागेवर असताना फ्रेमचं वरचं टोक खांद्याच्या माथ्यापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर वर हवं. तेवढं नसेल तर फ्रेमच्या टोकापासून खांदापट्ट्यांवर येणारे छोटे पट्टे, म्हणजे लोड लिफ्टर, आडवे पडतात. मग ते खांद्यावरचा भार उचलत नाहीत, नुसते मागे खेचतात. बाजूने कोणाला तरी पाहायला सांगा. हे पट्टे ३० ते ६० अंशांत, शक्यतो ४५ च्या आसपास चढलेले दिसले पाहिजेत. खांदापट्टे कितीही सरकवले तरी हा दोष जात नाही, कारण फ्रेम उभी असते कमरपट्ट्यावर आणि कमरपट्टा तुमच्या हाडावर. खांद्यापासूनची तिची उंची फ्रेमच्या आणि तुमच्या पाठीच्या लांबीनेच ठरते. लांब पाठीच्या माणसाने उंच फ्रेम घ्यावी किंवा वर जोडायचे तुकडे लावावेत. ओझ्याच्या फ्रेम २४ इंच, २६ इंच अशा मापांत मिळतात आणि त्या दोन इंचांनी मोठा फरक पडतो. उलट, फ्रेम गरजेपेक्षा उंच असली तर वर पाहताना डोकं तिच्यावर आपटतं आणि झाडीत ती प्रत्येक फांदीला अडकते.

“रिकामी सॅक घालून पट्टे जुळवा”

रिकाम्या सॅकमध्ये कोणतीही फ्रेम छान वाटते. गादीतला फोम दबलेला नसतो, कमरपट्टा बसलेला नसतो आणि पाठीवर ओढ नसते. आधी १५ किलो, ते जमलं की २५ किलो, अशा ओझ्यावर जुळवा. पाण्याच्या बाटल्या उत्तम: एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. फक्त बाटल्या काठोकाठ भरा, कारण अर्धी बाटली चालताना हिंदकळते आणि सॅक झोके घेते. मऊ कपड्यांत गुंडाळून त्या फ्रेमला चिकटवून बांधा.

मग सगळे पट्टे पूर्ण सैल करा आणि या क्रमाने जा. सॅक चढवून थोडं पुढे वाका, खांदे कानांकडे उचला आणि तशाच अवस्थेत कमरपट्टा हाडावर बांधा. खांदे सोडा. खांदापट्टे अंगाला टेकेपर्यंतच ओढा. त्यानंतर लोड लिफ्टर, मग छातीचा पट्टा, शेवटी कमरपट्ट्याच्या बाजूचे छोटे पट्टे, जे ओझ्याचा तळ नितंबांशी धरून ठेवतात. वीस ते तीस मिनिटं चाला, त्यात जिना चढा-उतराच. जमलेल्या जागी पट्ट्यांवर पेनने खूण करा. जाड जॅकेटवरची खूण वेगळी येते, तीही करून ठेवा. अंधारात, थंडीत गारठलेल्या बोटांनी पट्टे जुळवताना त्या खुणा फार कामाला येतात.

“कमरपट्टा आवळा आणि सगळं वजन कमरेवर टाका”

कमरपट्टा हा शब्दच फसवतो. पँट जिथे बांधतो ती कंबर या पट्ट्याची जागा नाही. तिथे फक्त मऊ पोट असतं, वजन पेलायला हाड नसतं. पट्ट्याच्या गादीची मधली रेषा नितंबाच्या हाडाच्या वरच्या कडेवर यायला हवी. अंगठे रोवून ती कड चाचपा आणि गादी तिच्यावर बसवा, म्हणजे अर्धी वर, अर्धी खाली. बकल साधारण बेंबीच्या जरा खाली येतं.

गादीची टोकं नितंबाच्या हाडाच्या समोरच्या टोकाला वळसा घालून पुढे आली पाहिजेत, पण एकमेकांना टेकता कामा नयेत. पूर्ण आवळल्यावर दोन गाद्यांमध्ये चार बोटांचं अंतर उरावं. तेवढं उरत नसेल तर पट्टा मोठा आहे. चार दिवसांच्या चालीत पोट थोडं आत गेलं की ओढायला जागाच राहणार नाही.

पट्टा घसरतो तेव्हा लोक आणखी आवळतात. बहुतेक वेळा कारण सैलपणा नसतंच. खाली गुळगुळीत कापडाची पँट असते, आत पँटचा पट्टा आणि त्याचं बकल असतं, किंवा पट्ट्याचा उतार अंगाशी जुळत नसतो. कंबर बारीक आणि नितंब रुंद असतील तर पट्ट्याची वरची कड खालच्या कडेपेक्षा जास्त आत यायला हवी. सरळ बांध्याला दोन्ही कडा सारख्या चालतात. पट्ट्याला दोन वेगळ्या ओढी असतील तर वरची आणि खालची निरनिराळी ओढून पाहा. पँटचा पट्टा काढून गॅलस (खांद्यांवरून पँट धरणारे पट्टे) वापरले तर आतलं अर्धं टोचणं थांबतं. हाडाच्या जागी येणाऱ्या खिशात चाकू, किल्ली, टॉर्च काही ठेवू नका.

अति आवळण्याने खरोखर इजा होते. समोरच्या हाडाच्या टोकाजवळून मांडीच्या बाहेरच्या कातडीला जाणारी नस जाते. पट्टा तिथे दाबला की मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, जळजळते. पट्टा सैल करा, २ सेंटिमीटर वर घ्या आणि टोकाची गादी नीट वळली आहे का पाहा.

‘सगळं वजन कमरेवर’ हेही अर्धवटच. वजनाचा मोठा वाटा हाडावर जावा हे खरं, पण खांदापट्टे लोंबते ठेवले तर ओझं पाठीपासून सुटतं आणि प्रत्येक पावलाला मागे हिसका देतं. खांदापट्ट्यांचं काम ओझं पाठीशी धरण्याचं. पट्ट्याखाली बोट सहज सरकावं, पण मूठ जाऊ नये. लांब चालीत भार मुद्दाम हलवत राहा: खांदापट्टे एक-दोन सेंटिमीटर सैल करून दहा मिनिटं चाला, मग पुन्हा ओढा.

छातीच्या पट्ट्याबद्दल इतकंच की तो गळ्याच्या हाडाच्या थोडा खाली असावा आणि खोल श्वास घेताना अडू नये.

“वरचे पट्टे ओढून ठेवा”

लोड लिफ्टर हे बारीक जुळवणीसाठी आहेत. जोरात ओढले की फ्रेमचं टोक पुढे येतं आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला पट्टा रुततो. खांदापट्टे आधी, लिफ्टर नंतर, आणि तेही खांद्याच्या माथ्यावरचा दाब हलका झाला की थांबायचं. उतारावर ओझं हलू नये म्हणून किंचित ओढा, सपाटीला सैल करा.

“जड सामान तळाशी भरा”

हा सल्ला नौकेला ठीक आहे, पाठीला नाही. मोजून पाहू. समजा ओझं ३० किलो, त्याचा मध्य पाठीपासून १५ सेंटिमीटर मागे, आणि खांदापट्टे कमरपट्ट्याच्या ४५ सेंटिमीटर वर. ओझं मागे कलू पाहतं, त्याला खांदापट्टे धरतात. ३० गुणिले १५ म्हणजे ४५०, भागिले ४५ म्हणजे १०. तुमचे खांदे १० किलोच्या ओढीने मागे खेचले जातात. तेच ओझं सैल बांधलं आणि मध्य ३० सेंटिमीटरवर गेला तर ओढ २० किलोची होते. ओझ्यात एक ग्रॅमही वाढ नाही, तरी खांद्यांना दुप्पट झालं. चालताना माणूस पुढे झुकून हा हिशोब थोडा भागवतो, पण मग ते कमरेला भोवतं. पट्टा कितीही महाग असला तरी हे अंतर तो कमी करू शकत नाही.

म्हणून मांस फ्रेम आणि सॅकच्या मधल्या खणात, फ्रेमला चिकटून. हलकं सामान बाहेरच्या बाजूला. जड भाग पाठीच्या मध्यापासून खांद्यांच्या पात्यांपर्यंत असावा. तळाशी झोपायची पिशवी किंवा कपडे घालून मांस वर उचलून धरा. हाडासकट मांडी आपला आकार धरते. हाडं काढलेलं मांस मात्र पिशवीत वितळल्यासारखं खाली बसतं आणि तासाभरात सॅक तळाशी फुगते. ते एका मोठ्या पिशवीत कोंबू नका. दोन-तीन लहान, हवा खेळणाऱ्या पिशव्यांत भरून, पिशवीचं तोंड आडव्या पट्ट्याखाली अडकवून, एकावर एक बांधा. पट्टे खालून वर आवळत जा: आधी तळाचा, मग मधला, मग वरचा. उलटं केलं तर वरून दाबलेलं मांस खाली पळतं. पहिल्या पंधरा मिनिटांनंतर थांबून पुन्हा आवळावं लागतंच.

एक अपवाद आहे. वाट नसलेल्या खडकाळ, तीव्र उतारावर फार उंच ओझं माणसाला कलंडवतं. तिथे एक वीतभर खाली घ्या, पण पाठीपासून दूर नाही. डावं-उजवं सारखं हवं. रिकामी केलेली रायफल एका बाजूला बांधली तर दुसऱ्या बाजूला पाणी किंवा दुर्बीण बांधा, नाहीतर एकाच बाजूचं नितंब सोलवटतं.

“टोचलं तर जाड गादी लावा”

गादी ३ सेंटिमीटरने वाढली की ओझंही तेवढं मागे सरकलं. वरच्याच हिशोबाने खांद्यांवर आणखी २ किलो. शिवाय माकडहाडाच्या वर एकाच जागी सगळा दाब येतो. आधी फ्रेमचा बाक तुमच्या पाठीच्या बाकाशी जुळतो का ते पाहा. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतील तर त्या काढून गुडघ्यावर थोड्या थोड्या वाकवता येतात. दोन्ही एकमेकींवर ठेवून बाक सारखा आहे ना ते पडताळा. कार्बनच्या पट्ट्या वाकवायला जाऊ नका, त्या तडकतात.

“दुखलं तर सवय होईल”

थकलेल्या स्नायूंना सवय होते. दाबलेल्या नसेला आणि हाडावर घासलेल्या कातडीला होत नाही, म्हणून दोन्ही वेगळं ओळखा. सॅक उतरवल्यावर कातडीवरचे लाल डाग पाहा. दोन्ही बाजूंना सारखे, पसरट आणि थोड्या वेळात मावळणारे डाग असतील तर जुळवणी ठीक आहे. एकाच जागचा गडद ठिपका म्हणजे तिथे शिवण, बकल किंवा फ्रेमची कड लागते आहे. दोन्ही खांद्यांच्या माथ्यावर डाग असतील तर कमरपट्टा हाडावर नाही किंवा खांदापट्टे खाली जोडले आहेत. बोटांना मुंग्या येत असतील तर खांदापट्ट्याखाली हाताच्या नसा दबत आहेत, लगेच थांबून पट्टे सैल करा. आणि ओझं उतरवल्यावरही हात वर उचलण्याइतकी ताकद येत नसेल, तर पट्टे जुळवत बसू नका. त्या दिवशी पुन्हा सॅक चढवू नका, ओझं सोबत्यांत वाटून द्या आणि हात डॉक्टरांना दाखवा.