निळी बाटली खाली ठेवा, आधी पाणी बघा

मासा जखमी झाला की त्याच्यापेक्षा आपणच जास्त तडफडतो, आणि त्या तडफडीत हाताला लागेल ते टाकीत ओततो. दुसऱ्यांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. मी स्वतः हा उद्योग केलाय.

आमची एक गोल्डफिश रात्रीत कधीतरी शोभेच्या पोकळ दगडात घुसली आणि अडकली. सकाळी आधी दिसला तो तळाशी पडलेला एक सुटा खवला. नखाच्या तुकड्यासारखा, जवळजवळ पारदर्शक, कडेला जराशी केशरी झाक. मग ती दिसली. सुटली होती आपली आपणच, पण डाव्या कुशीवरचे पाच-सहा खवले गेलेले, खालची कातडी गुलाबी, आणि शेपटीला एक उभी चीर.

मी काय केलं? कपाटातली मिथिलीन ब्लूची, म्हणजे माशांच्या बुरशीवर वापरतात त्या निळ्या औषधाची, बाटली काढली आणि अख्ख्या टाकीत रिकामी केली. पाणी निळंशार. काहीतरी केलं म्हणून माझ्या जिवाला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळायला लागली. अमोनिया तपासला. तो शून्य असायला हवा, तर चांगलाच चढलेला. माशाच्या अंगातून सतत अमोनिया बाहेर पडतो आणि फिल्टरच्या स्पंजातले जिवाणू तो पचवतात. त्या बिचाऱ्यांनाच मी औषध पाजून मारलं होतं. म्हणजे जखम एका कुशीला, आणि कल्ले मी भाजायला काढले.

आई हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "अरे, तिला श्वास तरी घेऊ दे की."

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: साध्या जखमेवर पहिलं औषध म्हणजे पाणी. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो, तो त्याचं चिलखत. खवले निघतात तेव्हा तोही खरवडला जातो. जखम चिघळवणारे जिवाणू बहुतेकदा बाहेरून येत नाहीत, ते एरवीही टाकीत असतातच. पाणी चांगलं असेल तर मासा त्यांना पुरून उरतो. पाणी बिघडलं की तेच डोक्यावर बसतात.

मग मी तिला 40 लिटरच्या वेगळ्या टाकीत हलवलं. खाली खडी नाही, दगड नाही, फक्त एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर. जाळीने धरलं नाही. जाळी उरलेला थरही खरवडते, म्हणून पाण्यातच भांडं बुडवून भांड्यासकट उचललं. नव्या फिल्टरमध्ये जिवाणू तयार झालेले नसतात, म्हणून रोज साधारण पाव टाकी पाणी बदललं. क्लोरीन काढलेलं, तेवढ्याच तापमानाचं. अमोनिया आणि नायट्राइट (अमोनिया पचताना मधल्या टप्प्यात बनतं ते, तेही माशाला विषारीच) रोज तपासायचं, दोन्ही शून्यच हवेत. कंटाळवाणं काम आहे, पण खरा उपचार हाच. पहिले चार दिवस माझ्या हाताची सावली पडली की ती कोपऱ्यात पळायची. माशाची आठवण तीन सेकंदांची असते म्हणणाऱ्यांनी येऊन बघायला हवं होतं.

मिठाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त क्षार असतात, त्यामुळे उघड्या जखमेतून पाणी आत शिरत राहतं आणि ते बाहेर टाकताना मूत्रपिंडं दमतात. पाण्यात थोडं मीठ असलं की हा ताण कमी होतो. मी लिटरला 1 ग्रॅमपासून सुरुवात केली आणि दोन दिवसांत 2 ग्रॅमपर्यंत नेलं. लिटरला 3 ग्रॅमच्या वर घरच्या घरी जायची गरज नसते. मीठ आधी वेगळं विरघळवायचं, खडे माशाच्या अंगावर टाकायचे नाहीत. आणि मीठ उडून जात नाही! जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं, नाहीतर आठवड्यात लोणचं होईल. टाकीत झाडं असतील तर ती मिठाने जातात, म्हणूनही वेगळी टाकी बरी.

खाणं अगदी थोडं. गोल्डफिशला जठरच नसतं, आणि उरलेलं अन्न म्हणजे पुन्हा अमोनिया.

"हीटर लावून पाणी गरम करा" हा सल्लाही हमखास मिळतो. जखमेसाठी मला तो पटत नाही. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, आणि कॉलम्नॅरिससारखा जिवाणूंचा रोग गरम पाण्यात झपाट्याने पसरतो. हा रोग फसवतोही. पांढरट दिसतो म्हणून लोक बुरशी समजतात. बुरशी साधारणपणे कापसाच्या झुबक्यासारखी बाहेर आलेली दिसते. कॉलम्नॅरिस चपटा, करडा-पिवळट असतो आणि एक-दोन दिवसांत वाढलेला दिसतो. असं काही दिसलं, जखम खोल जायला लागली, भोवतीची लाली पसरली किंवा खवले उभे राहिले, तर मात्र पाण्यावर विसंबू नका. माशांचं कळणाऱ्या पशुवैद्यकाला विचारा. अँटिबायोटिक लागलं तर पूर्ण कोर्स, वेगळ्या टाकीत. माणसाची अर्धी कॅप्सूल फोडून टाकीत भुरभुरवणाऱ्यांना मी हात जोडतो.

नवव्या दिवशी जखमेच्या कडेला काळी रेघ दिसली आणि माझा हात पुन्हा बाटलीकडे गेला. नशीब, आधी वाचलं. गोल्डफिशची जखम भरताना अनेकदा असा काळा रंग येतो आणि नंतर बहुधा आपोआप जातो. आमच्या बाईसाहेबांचा जायला महिनाभर लागला. शेपटीची चीर त्याआधीच जुळली होती, खवल्यांना जास्त वेळ लागला. नवे खवले जरा वाकडे बसलेत, उजेडात तेवढाच तुकडा वेगळा चमकतो.

तो पोकळ दगड आता कुंडीत आहे. नवीन काहीही टाकीत ठेवण्याआधी मी त्यावरून जुना नायलॉनचा मोजा फिरवतो. मोजा अडकला तर ती वस्तूही कुंडीत.