कोल्ड्रिंकने बॅटरी ‘नवी’ करणाऱ्यांसाठी

मोबाइलवर एक व्हिडिओ बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बॅटरीच्या टर्मिनलवर जमलेल्या पांढऱ्या-हिरव्या पावडरीवर कोल्ड्रिंक ओता, वर ग्रीस थापा, बॅटरी नव्यासारखी आणि पावडर पुन्हा कधीच येणार नाही. गाडीचा सेल्फ लागत नसेल तर दोष या पावडरीचाच, बाकी दुरुस्त्या म्हणजे लूट. आणि चार्जिंग होतंय का ते पाहायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा.

आधी कोल्ड्रिंक. ते ओतल्यावर पावडर जाते, हे खरं आहे. पण बॅटरीत गंधकाम्ल असतं आणि कोलामध्ये फॉस्फरिक आम्ल. आम्लावर आम्ल ओतून आम्ल मरत नाही, वर साखरेचा चिकटा राहतो तो वेगळाच. त्यापेक्षा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा. तो फसफसतो, म्हणजे आम्ल खरोखर मरतंय. फसफस थांबली की ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा. सोडा बुचातून बॅटरीत मात्र जाता कामा नये, आतलं आम्लच निकामी व्हायचं. डोळ्यांवर चष्मा हवा. क्लॅम्प, म्हणजे टर्मिनलवर बसणारी वायरची पकड, काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना शेवटी. नाहीतर पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून तर हायड्रोजन निघत असतो.

ग्रीसचं म्हणणं अर्धं बरोबर. क्लॅम्प घट्ट आवळल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. घाण तशीच ठेवून वर थापलेलं ग्रीस फक्त घाण झाकतं. ‘पुन्हा कधीच येणार नाही’ हेही खोटं: टर्मिनलच्या खांबाजवळचं सील फुटलं असेल किंवा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) जास्त चार्ज करत असेल, तर आम्लाची वाफ येतच राहणार. दर थोड्या दिवसांनी पावडर दिसत असेल तर पुसत बसण्याऐवजी हे शोधा.

आता सेल्फचा मुद्दा, कारण पैसे इथेच जातात. व्हिडिओवाल्याची एक तक्रार मला मान्य आहे: टर्मिनल साफ न करताच नवा स्टार्टर (सेल्फची मोटर) बसवला जातो आणि गाडी तरीही कुरकुरते. सेल्फ मारताना साधारण 150 अँपिअर प्रवाह वाहतो असं धरा. सांध्यात अवघा 0.01 ओहम रोध असला तरी तिथे 1.5 व्होल्ट खर्च होतात. 12 व्होल्टच्या गाडीत हे फार झालं. पण म्हणून प्रत्येक वेळी पावडरच दोषी, असं कसं म्हणायचं? ते मोजता येतं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. चांगल्या सांध्यात आकडा व्होल्टच्या एक-दोन दशांशांपलीकडे जात नाही. तो ठीक असेल तर पुढे इंजिन आणि बॉडीच्या अर्थिंगच्या पट्ट्या तपासा. वायरचं आवरण क्लॅम्पजवळ फुगलेलं किंवा कडक लागलं तर आत तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या असणार; ती वायर धुऊन उपयोग नाही, बदलावी लागते. आणि बंद गाडीत, काही तास उभी राहिल्यावर, बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास नसेल तर आधी ती नीट चार्ज करा, मग बाकीच्यांवर आरोप.

शेवटचा सल्ला सगळ्यांत महागडा. चालू इंजिनातून बॅटरी काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर भडकतं. त्याचे डायोड जातात, सोबत गाडीतलं इलेक्ट्रॉनिक युनिटही जाऊ शकतं. जुन्या गाड्यांत हे अनेकदा निभावून जायचं, म्हणून सल्ला अजून टिकलाय. वायर न काढता, इंजिन चालू ठेवून दोन टर्मिनलांमध्ये व्होल्टेज मोजा. बहुतेक गाड्यांत ते 13.5 ते 14.7 च्या दरम्यान असतं. काही नव्या गाड्या मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतात, तिथे हेडलाइट लावून थोडा वेळ आकडा पाहत राहा. तो सतत 15 च्या वर दिसला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर दाखवून घ्या. 13 च्याही खाली राहत असेल तर आधी अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट पाहा, मग अल्टरनेटर.