थांबा, बारा येतंय

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार आहे. ज्या सभेत हे पद मला मिळालं त्या सभेला मी हजर नव्हतो. हजर असलेल्यांपैकी कोणालाच ते मिळालं नाही, यावरून काय ते समजावं.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे मीटररूमला लागून असलेली, पूर्वी सायकली ठेवायची खोली. तिथे एक कॉम्प्युटर आहे. सकाळी त्याचं बटण दाबायचं, कोपऱ्यावर जाऊन कटिंग घ्यायचा, येताना पंप बंद केलाय का ते बघायचं, तोवर तो पासवर्ड विचारण्याइतपत शुद्धीवर येतो. त्याच्यावर विंडोज दहा आहे आणि त्या दहाचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सोसायटीचे सगळे हिशेब त्यातच, म्हणून मी ऐरोलीला आयटीत असलेल्या भाच्याला बोलावलं. त्याने दोन-चार बटणं दाबली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला जिन्यापाशी नेलं.

"मामा, ह्याच्यावर अकरा नाही चढणार."

"का?"

"टीपीएम टू पॉइंट झीरो लागतं, म्हणजे सुरक्षेची एक चिप. शिवाय इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. हा सहाव्या पिढीचा आहे."

आमच्या इमारतीत माणसांची तिसरी पिढी आत्ता कुठे बालवाडीत जायला लागलीय. ह्या डब्याच्या सहा पिढ्या होऊन वर बादही झाल्या. वर्षभराची वाढीव मुदत घेता येते, असंही भाचा म्हणाला. "पण तेवढ्यात नवीन घेऊन टाका."

घेऊन टाका! सोसायटीत काहीही घेऊन टाकता येत नाही. तीन कोटेशन लागतात. एक गोखले रोडवरून आणलं, एक स्टेशनजवळून, आणि तिसरं सेक्रेटरींच्या साडूंनी वाशीहून पाठवलं. ते सगळ्यात महाग होतं, पण सेक्रेटरींच्या मते सगळ्यात पारदर्शक होतं. कमिटीच्या मीटिंगमध्ये तिन्ही कागद मांडले, सह्यांसाठी पेन पुढे केलं, आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "थांबा. बारा येतंय."

काका बँकेतून निवृत्त झालेत. रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतात आणि फेऱ्यांनंतर कठड्यावर बसतात. जगातली कुठलीही बातमी आधी त्या कठड्यावर येते, मग घडते, असा त्यांचा अनुभव आहे.

"कधी येतंय?" मी विचारलं.

"येतंय. आतल्या माणसाकडून कळलंय."

"काय असणार त्यात?"

इथून पुढे मीटिंग माझ्या हातात राहिली नाही.

स्क्रीनच्या तळाशी असलेली पट्टी म्हणे बुडापासून सुटून तरंगणार. ही अफवा अगदीच बिनबुडाची नाही. 2022 साली मायक्रोसॉफ्टच्याच एका कार्यक्रमात तशी तरंगती पट्टी पडद्यावर क्षणभर दिसून गेली होती. त्या क्षणभराच्या दर्शनावर लोक अजून जगतायत. पट्टी तरंगल्याने चौथ्या मजल्याची थकबाकी कशी वसूल होणार, हे कोणी विचारलं नाही.

पुढची अफवा जड होती. बारा चालवायला एआयची वेगळी चिप लागणार. सध्या कोपायलट प्लस म्हणून जे लॅपटॉप विकले जातात त्यांच्यातली अशी चिप सेकंदाला 40 लाख कोटी क्रिया करू शकते, सोबत किमान 16 जीबी रॅम. बाराला म्हणे तेवढं सक्तीचं. एकदम शांतता पसरली. आमच्या कॉम्प्युटरकडून अपेक्षा एवढीच, की महिन्यातून एकदा मेंटेनन्सची बिलं काढावीत आणि शक्यतो ज्याची त्याला.

"तो म्हणे सगळं लक्षात ठेवणार," काका म्हणाले. हे मात्र भविष्य नव्हे, भूतकाळ. रिकॉल नावाची ही सोय मे 2024 मध्ये जाहीर झाली. स्क्रीनवर जे जे दिसतं त्याचे फोटो मशीनने काढत राहायचे आणि नंतर विचारलं की हुडकून द्यायचे. इतका ओरडा झाला, की ती मागे घेऊन दुरुस्त करावी लागली. 2025 मध्ये ती पुन्हा आली ती 'हवी असेल तर चालू करा' अशा पडत्या सुरात. तळमजल्यावरच्या काकूंना ह्यात काही नवल वाटलं नाही. "26 जुलैच्या पावसात ह्या बिल्डिंगमध्ये कोण कोणाच्या घरी झोपलं होतं, विचारा मला," त्या म्हणाल्या. कोणी विचारलं नाही.

मग सेक्रेटरींना आठवलं, की बाराला दरमहा पैसे भरावे लागणार. ही बातमी अशी उगवली, की कोणीतरी चाचणी आवृत्तीच्या कोडमध्ये सबस्क्रिप्शन असा शब्द शोधून काढला. तो उद्योगधंद्यांसाठीच्या एका वेगळ्या आवृत्तीचा होता, आपल्या घरच्या विंडोजशी त्याचा संबंध नव्हता, हे नंतर उघड झालं. पण खुलासा कधी अफवेच्या पायात पाय घालू शकत नाही, तो मागून धापा टाकत येतो. "इथे लोक मेंटेनन्स भरत नाहीत, विंडोजचे काय भरणार!" असं म्हणून सेक्रेटरींनी थकबाकीदारांच्या दिशेने, म्हणजे चौथ्या मजल्याच्या दिशेने, छताकडे पाहिलं.

त्या रात्रीपासून मीही मोबाइलवर हेच वाचत बसायला लागलो. बायको म्हणाली, "एवढा अभ्यास दहावीला केला असता तर!" पण वाचून डोळे उघडले. 2015 साली ह्याच कंपनीच्या एका माणसाने भर परिषदेत सांगितलं होतं, की दहा हे शेवटचं विंडोज. 2021 मध्ये अकरा आलं. म्हणजे आतल्या माणसाची ही किंमत. नऊ तर आलंच नाही, आठवरून थेट दहा. 2003 मध्ये फाइली साठवण्याची एक अजब नवी पद्धत गाजावाजा करून दाखवली होती. 2004 मध्ये ती काढून टाकली, आणि 2007 मध्ये व्हिस्टा आलं ते तिच्याशिवायच. उलट, 2012 मध्ये आठमधून स्टार्टचं बटणच गायब होईल असं तलावपाळीच्या कठड्यालाही वाटलं नसेल. ते गेलं, लोक चिडले, आणि पुढच्या वर्षी ते परत आणावं लागलं.

माझं मत विचाराल तर येणाऱ्या विंडोजच्या अफवा लिहिणाऱ्यांनी कधी सोसायटीचं ऑफिस पाहिलेलं नाही. पट्ट्या तरंगतात, चिपा लागतात, गोल कोपरे आणखी गोल होतात. पण 'प्रिंटर पहिल्या झटक्यात कागद ओढेल' अशी अफवा माझ्या वाचनात अजून आलेली नाही. तशी आली, तर मीही थांबेन.

पुढच्या मीटिंगला मी हे सगळं सांगितलं. सगळ्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि ठराव केला: नवीन विंडोजबाबत चित्र स्पष्ट होईपर्यंत संगणक खरेदी तहकूब. सूचक काका, अनुमोदक सेक्रेटरी. साडूंचं कोटेशन तेवढं जपून ठेवायचं ठरलं.

पुढचा विषय लिफ्ट. ती गणपतीपासून बंद आहे.

"आता कशाला खर्च करायचा?" सेक्रेटरी म्हणाले. "रिडेव्हलपमेंटमध्ये दोन हाय-स्पीड लिफ्ट मिळतायत, असं ऐकलंय. बोलणारी लिफ्ट. मजला सांगते."

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तोवर गप्प होत्या.

"मिळू देत हो," त्या म्हणाल्या. "फक्त त्या लिफ्टमधून माझा हार घातलेला फोटो वर नेऊ नका म्हणजे झालं."

सेक्रेटरींनी ही सूचना इतिवृत्तात घ्यायला सांगितली. मी घेतली, हाताने. कॉम्प्युटर अजून चालू होत होता.