वीसच्या स्पीडला मिसिंग

माझ्या गाडीला शंभरच्या स्पीडला काहीही प्रॉब्लेम नाही हे आधीच सांगतो, कारण ज्याला म्हणून रडगाणं सांगायला जावं तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "हायवेला कशी चालते?" हायवेला झक्कास चालते हो. पण मी हायवेला राहत नाही, पुण्यात कोथरूडला राहतो. आणि कोथरूड ते डेक्कन या प्रवासात १८० हॉर्सपॉवरपैकी फार तर पंधरा-वीस कामाला येतात, बाकीचे बॉनेटखाली बसून नळ स्टॉपच्या सिग्नलचे आकडे मोजत असतात.

गाडी सेकंड हँड, टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कंपनी सांगत नाही, पुढेमागे विकायचीये.

तर लक्षण असं. सिग्नल सुटतो, मी पाय दाबतो, पहिला क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी एक गचका खाते, मग परत विचारात पडते, आणि मागच्याने हॉर्न दिला की एकदम सगळं आठवून अशी सुटते की पुढच्या रिक्षामागचं 'आई तुझा आशीर्वाद' हे वाक्य मला फाँटसकट पाठ झालंय. तोवर डावीकडून एक आजोबा त्यांच्या अ‍ॅक्टिव्हावरून पुढे निघून गेलेले असतात, पायाशी भाजीची पिशवी, आणि जाताना गाडीकडे अशी एक नजर टाकतात की ईएमआय दुप्पट वाटायला लागतो.

पहिलं निदान अर्थात घरीच झालं. बाबांनी आयुष्यभर पद्मिनी चालवली. ते म्हणाले, "चोक ओढ." म्हटलं बाबा याला चोक नसतो. "मग कार्बोरेटर काढून पेट्रोलने धू." कार्बोरेटर पण नसतो. यावर बाबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग एवढे पैसे कशाचे दिले?" या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकांचं मत एकच, पेट्रोलमध्ये कचरा आहे. त्यांच्या मते जगात जे काही बंद पडतं ते पेट्रोलमधल्या कचऱ्यामुळे, अगदी त्यांची डिझेल गाडीसुद्धा. ऑफिसातल्या मित्राने ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर खापर फोडलं, ते तर सध्या सगळ्यांच्याच तोंडात असतं, गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं ई-२०, एसी गार करत नाही ई-२०, बहुतेक कुणाचं लग्न मोडलं तरी ई-२०. आता इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांश एनर्जी कमी असते, इंजिनला तेवढ्याच हवेसाठी थोडं जास्त इंधन सोडावं लागतं, हे सगळं खरंय. पण ते सगळ्या स्पीडला सोडावं लागतं. इथेनॉलला नळ स्टॉप आणि लोणावळा यातला फरक कळत नाही.

मग सर्व्हिस सेंटर. तिथल्या अ‍ॅडव्हायजरने टॅबवर काहीतरी टिकमार्क केले आणि गाडी टेस्ट ड्राइव्हला नेली, कुठे, तर बायपासला! ऐंशीला नेऊन आणली आणि म्हणाला, "सर, एकदम मख्खन." मी म्हटलं अहो वीसला चालवून बघा. तो म्हणाला, "सर, ही पर्फॉर्मन्स कार आहे, वीसला कशाला चालवता?" जसं काही मी हौसेने चालवतो. डॅशबोर्डला चेक इंजिन लाइट नाही, स्कॅनरला एकही फॉल्ट कोड नाही, म्हणजे कागदोपत्री माझी गाडी निरोगी आणि मी संशयी. शेवटी म्हणाला, ड्युअल क्लच असतो तर थोडं जडर, म्हणजे थरथर, होतंच, नाहीतर अख्खा क्लच पॅक बदलू. रक्कम ऐकल्यावर गचका मला बसला. आणि त्या मंद शिट्टीबद्दल विचारलं, कारण गाडी उभी असताना इंजिनमधून बारीक शिट्टी यायची, तर म्हणे, "टर्बो आहे सर, लोक पैसे देऊन असा आवाज काढून घेतात."

क्लचवर माझा विश्वास बसेना त्याचं कारण साधं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, तरी आरपीएमची, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांची सुई जागेवर थांबत नव्हती, सातशे, आठशे, परत सातशे. न्यूट्रलला क्लच कसला गचके देतोय.

नंतरचा काळ खर्चाचा होता, तो पटकन उरकतो. चारही स्पार्क प्लग बदलले. प्लगला ठिणगी देणारी एक नंबरच्या सिलिंडरची कॉइल तीनला, तीनची एकला लावून बघितली, कारण मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. काहीच सरकलं नाही, सरकले फक्त पैसे. थ्रॉटल बॉडी साफ झाली. आत जाणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर स्प्रे मारून धुतला. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, म्हणून तिथे ऑइलच्या वाफेचा कार्बन बसत जातो आणि तो काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या प्रेशरने मारतात, हे आईला सांगितल्यावर तिने अक्रोडाचा भाव सांगितला आणि विषय संपला.

खरं काम केलं एका स्वस्तातल्या ब्लूटूथ डाँगलने. स्टीअरिंगखाली जे सॉकेट असतं त्यात ते खुपसायचं आणि मोबाइलवर इंजिनच्या मनातलं वाचत बसायचं. मी चालवणार म्हणून वाचायचं काम बायकोकडे. ती मोबाइल धरून हाउजीचे नंबर पुकारल्यासारखी ओरडायची, "शॉर्ट टर्म प्लस आठ! लाँग टर्म प्लस एकोणीस!" कर्वे रोडवर काचा उघड्या, शेजारचा बाइकवाला दचकून बघतोय. मधेच म्हणाली, "हे प्लस म्हणजे चांगलं ना?"

नाही गं. हे फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलच्या हिशोबात केलेली दुरुस्ती, शॉर्ट टर्म त्या क्षणाची, लाँग टर्म मुरलेली. इंजिनला साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं, वजनाने (ई-२० असेल तर साडेतेराच्या आसपास). आत किती हवा गेली ते सेन्सर मोजतो, त्या हिशोबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो, आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगून सांगतो की हिशोब जमला का नाही. एकोणीस म्हणजे बिचारा कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा एकोणीस टक्के जास्त पेट्रोल ओततोय आणि तरी त्याला कमीच पडतंय. गंमत पुढेच. गाडी चांदणी चौकाच्या पुढे काढली, सुई तीन हजारावर नेली, तर आकडे गुमान प्लस चार, प्लस तीन. परत सिग्नलला थांबलो, परत एकोणीस.

म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत होती. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, इंजिन मुळात थोडीशीच हवा घेतं, त्यात ही चोरटी हवा भरपूर मोठी ठरते. तीन हजारावर इंजिन एवढी हवा ओढतं की तेवढीच चोरटी हवा त्यात कुठच्या कुठे हरवते. हायवेला मख्खन आणि नळ स्टॉपला मिरगी, याचं कारण एवढंच. आणि जो उठतो तो टेस्ट ड्राइव्ह घेतो बायपासला. लाइट का लागली नाही? कारण ट्रिम ठरावीक मर्यादेबाहेर गेली तरच कोड पडतो, तोपर्यंत कॉम्प्युटर निमूटपणे सांभाळून घेतो, तक्रार करत नाही, सरकारी नोकरीत असता तर प्रमोशन कधीच मिळालं नसतं.

सिंहगड रोडला एका गॅरेजवाल्याकडे स्मोक मशीन आहे, धूर सोडून गळती दाखवणारं. दादा मितभाषी. मी ग्राफ दाखवायला मोबाइल काढला तर म्हणाले, "राहू द्या." इंजिन चालू ठेवायला सांगितलं, शिट्टी ऐकली, आणि ऑइलची डिपस्टिक बोटभर वर ओढली. शिट्टी बंद. परत दाबली, शिट्टी चालू. "पीसीव्हीचा पडदा फाटलाय. हवा खातीये." एवढं बोलून चहा प्यायला गेले. नंतर माझ्या समाधानासाठी मशीन लावून धूर सोडला तर तो बरोब्बर त्याच व्हॉल्व्हच्या टाचणीएवढ्या भोकातून बाहेर आला. इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेककडे वळवणारा हा पीसीव्ही व्हॉल्व्ह, त्यात एक रबरी पडदा, आकाराने पाणीपुरीच्या पुरीएवढा. पडदा सुटा मिळत नाही, अख्खी असेंब्लीच घ्यावी लागते, कारण पर्फॉर्मन्स कार.

पार्ट यायला वेळ लागला, बसवायला चहा संपेपर्यंतही नाही. आता आयडलला ट्रिम प्लस दोन-तीन असते, शिट्टी गेली, सुई जागेवर. बाबा एक राउंड मारून आले, म्हणाले, "पिकअप आहे. पण चोक असता तर हे झालंच नसतं."

डाँगल सध्या सोसायटीत फिरतंय. काल काका ते घेऊन गेले, त्यांच्या गाडीत एकदम तीन कोड निघाले, ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून खाली लिहिलंय, "तुमचं यंत्र बिघडलंय."