मोडक्या आयरिशच्या बाजूने

लेक आठ वर्षांची असताना आम्ही डब्लिनला आलो. पहिल्याच आठवड्यात तिच्या दप्तरातून आयरिशची वही निघाली आणि खरं सांगते, मी वैतागले. इंग्रजीशी जुळवून घ्यायचंय, घरात मराठी टिकवायचीय, त्यात ही तिसरी कशाला? बसमध्ये, दुकानात, दवाखान्यात एकही माणूस ती बोलताना कानावर पडत नव्हता. बसच्या पाटीवर तेवढं 'अन लार' लिहिलेलं असायचं, म्हणजे शहराचा मध्यभाग. रस्त्याकडेच्या फलकांवर इंग्रजी नावाच्या वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव. झालं.

मग एका संध्याकाळी लेक ओट्याला टेकून पाठांतर करत होती. 'ता उकरस ओरम.' मी अर्थ विचारला. म्हणाली, "शब्दाला शब्द सांगू आई? माझ्यावर भूक आहे."

पोळी लाटता लाटता हात थांबला. इंग्रज म्हणतो, मी भुकेला आहे. आपण म्हणतो, मला भूक लागली. आपली भूक कुठूनतरी येते आणि लागते, यांची येऊन अंगावर बसते. दुःखाचंही तेच. 'ता ब्रोन ओरम', माझ्यावर दुःख आहे, आणि कुणाची माफी मागायची तर हेच म्हणायचं. 'मला आयरिश येते' हे ते म्हणतात 'ता गेल्गे अगम', आयरिश माझ्याजवळ आहे. इंग्रजीतल्या 'हॅव'सारखं क्रियापद त्यांच्याकडे नाही, आपल्याकडेही नाही. पैसे आपल्याजवळ असतात असं आपण म्हणतो, ते भाषेलाही तसंच म्हणतात. त्या संध्याकाळपासून मी लेकीबरोबर गृहपाठाला बसायला लागले.

आणि मग ही भाषा लोकांच्या तोंडून कशी गेली, हे वाचायला लागले. 1831 पासून सरकारी शाळा आल्या, त्या इंग्रजीत. अनेक ठिकाणी पोराच्या गळ्यात एक काठी बांधायचे. आयरिश शब्द तोंडून निघाला की काठीवर एक खाच, आणि दिवसअखेर खाचा मोजून मार. या खाचा पाडण्यात कित्येकदा आईबापही असायचे. मी हे वाचून त्या आईबापांवर चिडू शकले नाही. 1845 पासून बटाट्याचं पीक कुजत गेलं, दहाएक लाख माणसं मेली, तेवढीच जहाजांत बसून गेली, आणि सगळ्यात जास्त होरपळले ते पश्चिमेचे, दक्षिणेचे गरीब, ज्यांची भाषा आयरिश होती. पोराला अमेरिकेत पोट भरायचं असेल तर इंग्रजी हवी, एवढंच त्या आईला कळत होतं. माझ्या आजीनेही माझ्या आईला मालवणीत बोलली म्हणून दटावलं होतं. तिचंही लेकीवर प्रेमच होतं.

1937 च्या राज्यघटनेत आयरिश ही पहिली अधिकृत भाषा आहे. युरोपियन युनियनमध्ये तिला 2007 पासून अधिकृत भाषेचं स्थान आहे. पंतप्रधानाला इंग्रजी बातम्यांतसुद्धा 'टीशख' म्हणतात. (लिओ वराडकर 2017 मध्ये टीशख झाले, त्यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे. तेव्हा माझ्या मामांनी फोन करून खास हा उच्चार विचारून घेतला होता!) पण 2022 च्या जनगणनेत 'आयरिश येते' म्हणणारे निघाले जवळजवळ 18 लाख 74 हजार, आणि शाळेबाहेर ती रोज बोलणारे 71,968.

हे 18 लाख लोक खोटं बोलतात असं इथलेच काहीजण म्हणतात. मला नाही पटत. माझ्या ऑफिसातल्या कितीतरी जणांना मी बघितलंय. बारा-तेरा वर्षं शिकलेली भाषा त्यांच्या आत आहे, तोंडावर येते आणि चुकीच्या भीतीने परत जाते. यांच्यात एक म्हण आहे, चलाख इंग्रजीपेक्षा मोडकी आयरिश बरी. ती सगळ्यांना पाठ आहे. ती वागण्यात आली तर फार मोठी गोष्ट होईल.

सरकारवर सगळं सोपवून भागणार नाही, हे उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये दिसतं. 1960 च्या दशकात तिथल्या काही कुटुंबांनी शॉज रोडवर एकमेकांच्या शेजारी घरं बांधली, मुलं आयरिशमध्येच वाढवायची म्हणून. 1971 मध्ये स्वतःची शाळा काढली. सरकारी मदत यायला 1984 उजाडलं. तोवर पदरमोड! आणि सरकारने करायचं ते वेगळंच आहे. इकडे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जिथे ती अजून घरची भाषा आहे, त्या गेल्टाख्तमध्ये तरुण जोडप्यांना परवडेल असं घर मिळत नाही, बरीच घरं सुट्टीपुरती उघडतात. गावात पाळणा हलला नाही तर भाषा कुणाच्या तोंडी राहणार? मला कुणी विचारलं तर मी आधी घरांना पैसे द्या म्हणेन.

लेक पंधराची झाली तेव्हा तीन आठवडे याच गेल्टाख्तमधल्या कॉनेमाराला उन्हाळी शिबिराला गेली. तिथे मुलं गावातल्या घरांत राहतात, घरच्या बाईला 'बॅन अन टी' म्हणतात, आणि इंग्रजी बोलायला बंदी. फोनवर ती माझ्याशी मराठीत बोलायची, कारण मराठीवर बंदी नव्हती.

आणायला गेले तेव्हा वाटेत स्पिडल गावातल्या एका दुकानात शिरले. गाडीत घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, 'बान्ये, ले दो होल', दूध द्या, कृपा करून. उच्चार चुकला असणारच. गल्ल्यावरच्या आजींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता इंग्रजीत बोलतील, सगळे तसंच करतात. त्या आयरिशमध्येच बोलल्या, हळू. मला किंमत कळली नाही. त्यांनी तीच परत सांगितली, बोटं दाखवत. माझ्या मागे दोघं उभे होते, तेही थांबले. मी एकेक नाणं त्यांच्या हातावर ठेवत गेले आणि त्या प्रत्येक नाण्याला आकडा म्हणत गेल्या, मी त्यांच्या मागून.