‘प्रत्येक जुना इंद्रजाल दहा हजारांचा’ हे खरे नाही

नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय: घरात इंद्रजाल कॉमिक्स असतील तर रद्दीत देऊ नका, प्रत्येक अंकाला दहा हजार मिळतात. पहिला भाग पाळाच, दुसरा साफ चुकीचा आहे.

इंद्रजाल 1964 मध्ये सुरू झाले, 1990 मध्ये बंद पडले. एकूण आठशेच्या वर अंक. सुरुवातीचे खरोखर दुर्मीळ. ऐंशीच्या दशकातले, साप्ताहिक झाल्यानंतरचे, आजही बऱ्यापैकी सापडतात. मेसेजमधला आकडा विक्रेत्याने मागितलेला आहे. तो अंक त्या भावाला विकला गेला का, हे बघायला हवे.

गेल्या महिन्यात पंचवटीतल्या एका वाड्याच्या माळ्यावरून वेताळाचा (म्हणजे फँटमचा) इंद्रजाल अंक हाती आला. पिना गंजून कागदावर तांबूस डाग उतरलेले, मधले पान सुटलेले, कडांना कसर लागलेली. असा अंक वाचायला मी आनंदाने घेईन, पण संग्राहकाचा भाव त्याला मिळणार नाही.

अमर चित्रकथेत तर जास्त जपा. तिची पुनर्मुद्रणे अनेक झाली, म्हणून आवृत्ती आणि छापील किंमत आधी तपासा. आणि सुटलेल्या पानाला चिकटपट्टी कृपया लावू नका, डाग कायमचा राहतो.